सारंगाचं नावडतं शहर

“एक आवडतं शहर, एक नावडतं. जगातलं कुठलंही चालेल. चला, माइक पुढे द्या!”

पीसाहून निघून आम्हाला तास झाला होता. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर आणि मधूनमधून बोगदे. बोगदा आला की माइकमधला आवाज घुमायचा आणि मंडळी हसायची. मी ड्रायव्हरच्या शेजारी, प्रवाशांकडे तोंड करून उभी होते. ही गोष्ट २०१२च्या मे महिन्यातली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि पुण्याच्या एका टूर कंपनीची युरोपची सहल घेऊन निघाले होते. माझी ही दुसरीच सहल. पहिल्या सहलीत माझी लेखी तक्रार झाली होती, त्यामुळे या खेपेला मी जरा जास्तच हसतमुख होते.

नगरचे सराफ कुलथेकाका म्हणाले, “आवडतं झुरिक. तिथली ट्रामसुद्धा घड्याळाला भिऊन असते. नावडतं पॅरिस.”

“पॅरिस? का हो?”

“बूट चावले.”

मिरजेच्या एका बाईंनी आवडतं शहर म्हणून मिरजच सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. असं करत करत माइक एकोणीस नंबरच्या सीटवर मयेकरकाकूंकडे गेला.

शशिकला मयेकर, वय एकाहत्तर, राहणार वेंगुर्ले. त्या एकट्याच आल्या होत्या. मुलगा बंगळूरला असायचा, त्यानेच बुकिंग केलं होतं. आठ दिवसांत काकूंनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. ना गरम पाणी, ना खिडकीची जागा. अशा प्रवाशांवर आम्हा टूर मॅनेजरांचा जीव असतो, आणि लक्ष मात्र अजिबात नसतं.

“आवडतं मला नाही सांगता यायचं,” काकू म्हणाल्या. “नावडतं जिनोआ.”

“अहो काकू, जिनोआला तर आपण आत्ता पोचतोय! आधी येऊन गेलाय की काय?”

“नाही. आजच बघणार.”

सगळी बस खो खो हसली. मीही हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी माइक पुढच्यांच्या हातात दिला आणि मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बाहेर बघत राहिल्या.

जिनोआ आमच्या कार्यक्रमात नुसता जेवणाचा थांबा होता. जुन्या बंदराशेजारी जेवायचं, तासभर पाय मोकळे करायचे आणि तीन वाजता मिलानकडे निघायचं. दुपारी एकला आम्ही पोचलो. जेवणं झाली, सगळ्यांना मी परत यायची जागा दाखवली, दोनदा वेळ सांगितली आणि एका बाकावर बसून मिलानच्या हॉटेलच्या खोल्या कोणाला कोणत्या द्यायच्या ते लिहीत बसले.

तीनला पाच कमी असताना माणसं मोजली. तीस. पुन्हा मोजली. तीसच. एकोणीस नंबरची सीट रिकामी होती.

पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत मी जवळची सगळी दुकानं आणि स्वच्छतागृहं पालथी घातली. सव्वातीनच्या आतच आमचा पोलिश ड्रायव्हर मारेक माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मनगटावर बोट ठेवलं. त्यांचे नियम कडक असतात. दिवसाचे तास संपले की तो बस आहे तिथे उभी करणार, मग आम्ही महामार्गावर असलो तरी. “सव्वाचार,” तो म्हणाला. “त्यापुढे मला जमणार नाही.”

कुलथेकाका तापले होते. “मॅडम, एका माणसासाठी तिसांनी उन्हात उभं राहायचं? मी तुम्हाला सांगतो, हे मी लिहून देणार.” त्यांनी ते पुढे लिहून दिलंच.

मी पुण्याला साहेबांना फोन लावला. साहेब शांतपणे म्हणाले, “पोलिसांत कळव आणि सव्वाचारला बस सोड. म्हातारीला मागून टॅक्सीने आणता येईल. आणि हेमांगी, मागची तक्रार अजून माझ्या टेबलावर आहे.”

मी फोन ठेवला. एकाहत्तर वर्षांची बाई. भाषा येत नाही, जवळ मोबाइल नाही. कुठे पडली असेल, कोणी पर्स ओढली असेल, की पाण्यात... पुढचा विचार मी केला नाही.

आणि मला सकाळ आठवली. पीसाच्या हॉटेलात नाश्त्याच्या गर्दीत काकू माझ्याजवळ आल्या होत्या. हातात एक जुनं निळसर पाकीट होतं. “बाय, हा पत्ता बंदरापासून किती लांब असेल गो?” मी एका हाताने कोणाला तरी लोणी देत होते. पाकिटावर नजर टाकली, “काकू, नंतर बघू हं,” म्हटलं, आणि विसरले. आठ दिवसांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

घराचा नंबर मला आठवेना. पण गल्लीचं नाव डोक्यात राहिलं होतं, कारण पुण्यात इटालियन शिकताना तो शब्द मी पाठ केला होता. रोंदिनी, म्हणजे पाकोळ्या. पाकोळ्यांची चढण.

बंदरावरच्या एका फळवाल्याने हात वर करून दाखवलं. जिनोआ हे उभं शहर आहे. समुद्र संपला की लगेच डोंगर, आणि डोंगरावर एकावर एक रचल्यासारखी घरं. मी धावतच निघाले. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत. वर दोरीवर कपडे, खाली ओल. मग पायऱ्या लागल्या. विटांच्या, झिजलेल्या, संपता न संपणाऱ्या. दर वळणावर मी “काकू! मयेकरकाकू!” म्हणून ओरडत होते आणि खिडक्यांतून लोक डोकावत होते.

त्या दिसल्या तेव्हा मी आधी भिंतीला हात टेकून उभी राहिले. मला रडूच आलं. एका हिरव्या दरवाजासमोरच्या पायरीवर त्या बसल्या होत्या. धडधाकट. नऊवारी नीट, पर्स मांडीवर.

“काकू, अहो काय हे! खाली सगळे खोळंबलेत. माझा जीव गेला होता!”

“अर्धा तास झाला,” काकू दरवाजाकडे बघत म्हणाल्या. “घंटेपर्यंत हात जातो आणि परत येतो.”

घंटेशेजारी नावाची पट्टी होती. पारोदी.

“कोण राहतं इथे?”

“माझ्या मिस्टरांची बाई.”

भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. मी शेजारी बसले. उभं राहायचं त्राण तसंही नव्हतं.

त्यांचे यजमान, वसंत मयेकर, मालवाहू जहाजांवर सारंग होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. वर्षातले दहा महिने समुद्रावर. घरी आले की मुलांना जगभरच्या शहरांच्या गोष्टी सांगायचे. व्हालपाराइसो त्यांचं सगळ्यांत आवडतं. कोबे, अलेक्झांड्रिया, कुठलं कुठलं त्यांना आवडायचं.

“मुलं विचारायची, बाबा, नावडतं कुठलं? की म्हणायचे, जिनोआ. आणि उठून बाहेर जायचे. सांगायचे नाहीत पुढे काही. अठ्ठ्याहत्तर साली डिसेंबरात इथून कार्ड आलं होतं, पोचलो म्हणून. मग तीन महिने काही नाही. मी मुंबईला कंपनीत विचारायला दीर पाठवला. ते म्हणाले, जहाज कधीच पुढे गेलं, मयेकर तिथेच उतरले. मार्चमध्ये दुसऱ्याच जहाजावरून पत्र आलं, जसं काही झालंच नाही. घरी आले ते निम्मे होऊन. विचारलं, तर म्हणाले, त्या गावात माझी अब्रू गेली, पुन्हा नाव काढू नको.”

काकूंनी पाकीट माझ्या हातात दिलं. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं नाव होतं, गोल बायकी अक्षरात. इनेस पारोदी.

“दर नाताळाला एक यायचं. पोस्टमन हसत हसत द्यायचा. गावाला काय, विषयच मिळाला. मिस्टर घरी आले की ते कार्ड घ्यायचे आणि मागच्या दारी जाऊन बसायचे. अठरा वर्षं.”

“तुम्ही परत विचारलं नाहीत?”

“एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारायला मी काय भिकारीण होते?” काकूंचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि लगेच उतरला. “जेवायला वाढलं. आजारपण काढलं. पण हेमांगी, तीस वर्षं मी त्यांच्याशी बोलल्यासारखं बोलले नाही. तीन वर्षं झाली जाऊन. तुमच्या सहलीच्या कागदावर या गावाचं नाव वाचलं आणि मुलाला म्हटलं, मला याच सहलीला पाठव. एकदा तिचं तोंड बघायचं होतं.”

त्या गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागल्या. “चल, जाऊ खाली. बघून तरी काय करायचंय आता.”

पर्समध्ये माझा फोन थरथरत होता. बाहेर काढला, मारेकच. पावणेचार वाजले होते. काकू स्वतःहून निघाल्या होत्या. त्यांचा हात धरायचा आणि पायऱ्या उतरायच्या, एवढंच मला करायचं होतं. मी फोन परत पर्समध्ये टाकला आणि घंटा दाबली.

“काय केलंस गो!” काकू म्हणाल्या.

आत सपाता घासटत आल्या. दार उघडलं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची एक जाडजूड म्हातारी, पाय सुजलेले, अंगावर फुलाफुलांचा एप्रन, हातात अर्धवट निवडलेल्या शेंगा. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. त्या मनातल्या मनात वजाबाकी करतायत हे मला कळलं. त्या वेळी ही बाई पन्नाशीची असणार, मयेकर बेचाळीसचे.

मी माझ्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हटलं, “माफ करा. या भारतातून आल्यात. वसंत मयेकर यांच्या पत्नी.”

“वसांतो?” म्हातारीच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. तिने काकूंचा चेहरा निरखला. “साशी? तू साशी?”

काकू एक पाऊल मागे सरकल्या. शशी म्हणून त्यांना हाक मारणारं एकच माणूस होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

इनेसबाईंनी आम्हाला ओढतच आत नेलं. एवढंसं स्वयंपाकघर, टेबल, तीन खुर्च्या, खिडकीतून खाली सगळं बंदर. त्या भराभर बोलायला लागल्या. मला निम्मंच कळत होतं.

“काय म्हणते?” काकूंनी विचारलं.

“म्हणतात, ते तीन महिने इथे होते.” मी विचार न करता भाषांतर करून गेले. “इथे झोपायचे.”

इनेसबाईंनी चुलीशेजारची जमीन दाखवली. तिथे खाट होती म्हणाल्या.

काकूंनी त्या जागेकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “विचार तिला, सुखात होते का?”

मी विचारलं. इनेसबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

“सुखात? अगं पोरी, तो रडायचा. रोज सकाळी रडायचा. माझा नवरा, जिनो, गोदीत हमाल होता. तो त्याला हाताला धरून न्यायचा, लहान मुलाला नेतात तसा.”

“कुठे?”

“समुद्रापाशी. त्याला समुद्राची भीती बसली होती.”

मी दोनदा विचारून खात्री केली, आणि मग काकूंना सांगितलं. काकूंना कळेना. “कोणाला भीती?”

तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. इथे येण्याआधी बिस्केच्या उपसागरात त्यांचं जहाज वादळात सापडलं होतं. मयेकर डेकवर होते, शेजारी त्यांचा एक सोबती. एक लाट आली आणि ती गेली तेव्हा सोबती तिथे नव्हता. मयेकरांनी त्याच्या जाकिटाची बाही धरली होती. ती हातातून सुटली. जहाज जिनोआला दुरुस्तीला लागलं. दुरुस्ती झाली, निघायची वेळ आली, आणि मयेकरांचा पाय शिडीवर पडेना. घाम फुटायचा, उलटी व्हायची. जहाज त्यांना सोडून गेलं. दोन दिवस ते धक्क्यावर पावसात बसून होते. जिनोने बघितलं आणि उचलून घरी आणलं.

“पहिल्या आठवड्यात जिनो त्याला फक्त गोदीच्या फाटकापर्यंत न्यायचा,” इनेसबाई म्हणाल्या. “मग धक्क्यापर्यंत. मग एका छोट्या होडीत, दोर बांधलेलाच ठेवून. मी म्हणायचे, अरे, घरी जा, जमिनीवरचं काम कर. तो म्हणायचा, दोन मुलं आहेत, त्यांची शाळा आहे, आणि मला दुसरं काही येत नाही. पत्र लिहायला बसायचा आणि फाडायचा. म्हणायचा, आमच्या घराण्यात बायकासुद्धा होडी वल्हवतात. साशीला काय लिहू, तुझा नवरा पाण्याला भितो?”

मी एकेक वाक्य सांगत होते आणि काकू टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत मागे.

“मार्चमध्ये तो चढला जहाजावर. मागे वळून बघितलं नाही. जिनोला लिहिता यायचं नाही, म्हणून तो होता तोवर दर नाताळाला मीच त्याच्या वतीने लिहायचे. तू बरा आहेस का? अजून भीती वाटते का? उत्तर कधी आलं नाही. जिनो म्हणायचा, येणारच नाही, त्याला ते दिवस आठवायचे नसतील. फक्त एकदा एक मोठा डबा आला. काजूंचा. आम्ही वर्षभर खाल्ले.”

हे ऐकल्यावर काकूंचं बोट थांबलं.

“पत्र्याचा? निळ्या झाकणाचा?”

मी विचारलं. इनेसबाई उठल्या, कपाट उघडलं आणि आतला डबा दाखवला. त्यात आता साखर होती.

“अगो आई!” काकू म्हणाल्या. “हा डबा मी सगळ्या घरभर शोधला होता. भांडण केलं मी त्या डब्यावरून. म्हटलं, कोणाच्या घशात घातलात माझे काजू?” आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडावर दाबून, खांदे गदागदा हलवत त्या हसत होत्या, आणि मध्येच कधीतरी ते हसणं राहिलं नाही. इनेसबाई काही न विचारता उठल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं.

निघताना इनेसबाईंनी काकूंचे दोन्ही हात धरले आणि एक प्रश्न विचारला. मी सांगितला. “त्या विचारतात, नंतर तरी त्यांची भीती गेली का?”

काकू म्हणाल्या, मला की स्वतःला कोण जाणे, “सुट्टी संपत आली की जेवण तुटायचं त्यांचं. निघायच्या दिवशी पहाटे परसात जाऊन ओकायचे. मला वाटायचं, इकडची ओढ लागली.” मग त्यांनी मान वर केली. “सांग तिला. भीत होते. पण जात होते. सत्त्याण्णवपर्यंत गेले.”

मी सांगितलं. इनेसबाईंनी खिडकीतून खाली बंदराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “शाब्बास, वसांतो.”

याचं भाषांतर करावं लागलं नाही. काकू वाकल्या आणि इनेसबाईंच्या सुजलेल्या पायांना हात लावला. त्या बिचाऱ्या घाबरून मागे सरकल्या.

पायऱ्या उतरताना मी काकूंचा दंड धरला होता, पण त्या माझ्यापेक्षा भराभर उतरत होत्या. आठ दिवस पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून आता वेंगुर्ल्याची बोली वाहत होती.

“इतक्याच होता, तर माका सांगूक काय झाला होता? मी काय टाकून देतलंय होतंय? माका काय काय वाटला होता गो, काय काय वाटला होता!” चार पायऱ्या उतरल्या की थांबायचं, यजमानांना एक सणसणीत शिवी द्यायची, डोळे पुसायचे आणि पुन्हा उतरायचं. एका वळणावर खालून वर येणारा एक इटालियन म्हातारा बाजूला झाला आणि टोपी काढून उभा राहिला. काकूंनी त्यालाही मान लववली.

खाली पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मारेकने इंजिन सुरू ठेवलं होतं. मला बघून त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकवून वर केलं. बस निघाली. मला अगदी हलकं वाटत होतं. उद्या साहेब काढून टाकतील तर टाकतील, माझी एकतीस माणसं बसमध्ये होती.

काकू सीटकडे जात असताना कुलथेकाकांनी अडवलंच. “काय हो मयेकरबाई, चुकलात कुठे? सव्वा तास उभे आहोत आम्ही.”

काकू थांबल्या. दोन्ही बाजूंच्या सीटांना धरून, हलत्या बसमध्ये नीट उभ्या राहिल्या.

“चुकले नाही. भेटायला गेले होते. तुम्हा सगळ्यांना ताटकळत ठेवलं, माझं चुकलं, माफ करा.”

“भेटायला? इथे? इथे तुमचं कोण?”

काकूंनी क्षणभर विचार केला.

“सासरचं माणूस,” त्या म्हणाल्या, आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

मारेकने त्याची गाणी लावली आणि बस घाट चढायला लागली. समुद्र मागे राहिला. मी माणसं मोजायला मागे गेले तेव्हा काकूंचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं आणि त्या चक्क घोरत होत्या. मिरजेच्या बाईंनी आपली शाल काढून त्यांच्या अंगावर घातली. कुलथेकाकांनी मागे वळून बघितलं, जरा वेळ बघत राहिले, आणि मग मला हाताने खूण केली, की ड्रायव्हरला सांगा, ती गाणी बंद कर.